बोलावयाची पाळी कोणाची?



आज ज्या खेळाविषयी मी बोलणार आहे, तो आपल्यापैकी काहींच्या घरात एव्हाना येऊन बसलाही असेल. मात्र घरातील वडील मंडळींना हा खेळ आहे की नुसत्या गप्पा आहेत, याचा उलगडा अद्याप झाला नसेल. चार-पाच मुले टेबलाभोवती बसतात. प्रत्येकासमोर एक कागद व पेन्सिल, आणि मध्ये निरनिराळ्या आकारांचे फासे. त्यांतला एक तर चांगला वीस पैलूंचा. त्यांच्यापैकी एक जण सांगू लागतो, "दिवस मावळला आहे. तुम्ही घाटाच्या तोंडाशी आला आहात. समोर एक पडका वाडा आहे आणि आत दिवा दिसतो आहे. आता काय करता?" मग कोणी म्हणतो, मी दार ठोठावतो, कोणी म्हणतो, मी मागल्या बाजूने भिंतीवर चढतो. चढणे साधले की नाही, ते फासा ठरवितो; आणि त्यापुढे काय घडले, ते पहिला मुलगा सांगतो. असे तीन-तीन, चार-चार तास चालते. कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही; पुष्कळदा पटही नसतो. उठताना मुले मात्र एखाद्या लांबच्या प्रवासाहून आल्यासारखी दमलेली व आनंदलेली असतात.

या खेळाला इंग्रजीत रोल-प्लेइंग गेम म्हणतात. आपण त्याला सोंगांचा खेळ म्हणू, आणि जो गोष्ट पुढे नेतो त्याला सूत्रधार म्हणू; कारण त्याच्या कामाला याहून नेमका शब्द आपल्या भाषेत नाही, आणि तो शब्द आपण का वापरावा हेही पुढे ओघाने येईलच. या प्रकारातला पहिला छापील खेळ 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नसन या दोघांनी प्रसिद्ध केला. त्याचे मूळ मात्र दिवाणखान्यात नसून लष्करात आहे. १८२४ साली राइसविट्झ नावाच्या प्रशियन तोफखान्यातील एका तरुण अधिकाऱ्याने नकाशावर खेळावयाची लढाई सिद्ध केली. तीत दोन्ही पक्ष आपापले हुकूम पंचाकडे देत, आणि पंच फासे टाकून व कोष्टके पाहून कोणाचे किती सैन्य पडले ते सांगे. पुढे १८७६ साली फेर्डी द्यु व्हेर्नवा या सेनाधिकाऱ्याने असे प्रतिपादिले की, कोष्टकांचा जाच पुरे झाला. अनुभवी पंचाने आपल्या बुद्धीने निर्णय द्यावा. हा पंच म्हणजेच आजच्या सूत्रधाराचा पणजोबा.

पण सोंगे कोठून आली? १९६९ साली मिनेसोटा प्रांतात डेव्हिड वेसली नावाच्या गृहस्थाने असाच एक लढाईचा खेळ मांडला. परंतु त्यात त्याने प्रत्येक खेळाडूला नगरातील एकेका माणसाची निराळी भूमिका आणि निराळा हेतू दिला. झाले काय, की खेळाडू एकाच वेळी आपापसांत कारस्थाने करू लागले, जो तो बोलू लागला, आणि कोणाचे ऐकावे हे पंचाला कळेना. वेसलीला वाटले, प्रयोग फसला. खेळणाऱ्यांना मात्र तो इतका आवडला की त्यांनी तसाच खेळ पुन्हा मागितला. त्या मंडळींत डेव्ह आर्नसनही होता. तेव्हा, बोलावयाची पाळी कोणाची, हा प्रश्न या खेळाच्या जन्माबरोबरच जन्मला आहे. आरंभीच्या नियमपुस्तकांत त्यावर एक तोडगा होता: सर्वांनी आपसांत ठरवावे आणि सर्वांच्या वतीने एकानेच सूत्रधाराशी बोलावे. त्या एकाला 'कॉलर' म्हणत. गोंगाट थांबला, पण उरलेले सारे मुके झाले. म्हणून ही चाल मागे पडली ते योग्यच झाले.

हा प्रश्न मी नभोवाणीवर आणण्याइतका मोठा आहे काय, अशी शंका कोणी घेईल. माझे म्हणणे असे की, खेळाला तीन तास आहेत आणि ते तास ही सर्वांची सामाईक मालमत्ता आहे. त्यांतला बहुतेक भाग एकाच मुलाने खाल्ला, तर बाकीच्यांनी खेळ खेळला असे म्हणता येणार नाही, त्यांनी तो पाहिला. आणि पाहावयाचाच होता तर त्याहून चांगली नाटके आहेत.

मी राहतो ते बाळकुम, म्हणजे ठाण्याहून भिवंडीकडे जाताना कशेळीच्या पुलाच्या अलीकडचे गाव. एका अंगाला जुने गावठाण, आगरी-कोळी वस्तीचे. दुसऱ्या अंगाला गेल्या काही वर्षांत उठलेल्या पंचवीस-पंचवीस, तीस-तीस मजल्यांच्या इमारती. दोहोंकडची मुले एकाच वाटेने शाळेला जातात, पण शाळा बहुधा निरनिराळ्या. आमच्या वसाहतीच्या सभागृहात दर रविवारी दुपारी हा खेळ मांडला जातो. निवृत्त शिक्षक म्हणून माझ्याकडे सभागृहाची किल्ली असते, एवढाच माझा अधिकार. पण चाळीस वर्षांच्या सवयीने, खोलीत मुले बसली की कोण बोलतो आणि कोण बोलत नाही, हे माझा कान आपोआप टिपू लागतो. एके दिवशी मी कोपऱ्यात बसून कागदावर प्रत्येकाच्या नावापुढे, तो बोलला की एक रेघ, अशी मोजणी केली. तासाभरात निम्म्याहून अधिक रेघा एकाच मुलापुढे पडल्या. गावठाणातून येणाऱ्या एका मुलीपुढे दोन रेघा होत्या, आणि त्यांतली एक "पाणी पिऊन येते" याची होती.

आता त्या अधिक बोलणाऱ्या मुलाला उद्धट ठरविणे सोपे आहे, आणि घरोघरी वडील मंडळी तेच करतात. परंतु संभाषणाची घडणच अशी आहे की, कोणी काही वाईट मनात न आणताही हे असेच घडावे. ज्या १९७४ साली तो खेळ छापला गेला, त्याच साली सॅक्स, शेग्लॉफ व जेफरसन या तीन अमेरिकन संशोधकांनी माणसे बोलताना पाळी कशी बदलतात यावर एक निबंध प्रसिद्ध केला. दोन्ही गोष्टी एकाच वर्षी व्हाव्यात, हा निव्वळ योगायोग. पण मला तो गमतीचा वाटतो. त्यांनी ध्वनिमुद्रित केलेल्या साध्या गप्पा तपासून असे दाखविले की, बोलणारा थांबतो तेथे तीन नियम क्रमाने लागू होतात. बोलणाऱ्याने पुढचा माणूस निवडला असेल, म्हणजे नाव घेऊन किंवा त्याच्याकडे पाहून प्रश्न केला असेल, तर त्यानेच बोलावयाचे. निवड केली नसेल, तर जो आधी तोंड उघडील त्याची पाळी. आणि कोणीच उघडले नाही, तर पहिल्याला हवे असल्यास पुढे चालू ठेवता येते.

यांतला दुसरा नियम नीट पाहावा. सूत्रधार जेव्हा सर्वांना उद्देशून विचारतो, "आता काय करता?", तेव्हा तो कोणालाच निवडीत नाही, म्हणजेच तो शर्यत लावतो. आणि ही शर्यत किती अंतराची असते? २००९ साली जगातील दहा भाषा घेऊन झालेल्या एका अभ्यासात, होय-नाही स्वरूपाच्या प्रश्नानंतर उत्तर येण्यास लागणारा वेळ मोजण्यात आला. तो सरासरीने सेकंदाच्या सुमारे पाचव्या हिश्शाएवढा भरला. मराठी त्या दहांत नव्हती; पण जपानी, इटालियन, कोरियन अशा एकमेकींपासून दूरच्या भाषा होत्या, आणि फरक थोडाच निघाला. उलट, समोर दाखविलेल्या चित्राचे नुसते नाव सांगावयाचे म्हटले तरी माणसाला अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागतो. मग पाचव्या हिश्शात उत्तर येते कसे? तर दुसरा बोलत असतानाच आपण आपले वाक्य जुळवू लागतो. याचा अर्थ असा की, जो शेवटपर्यंत लक्ष देऊन ऐकतो आणि मग विचार करू लागतो, तो शर्यतीत हरतो. आणि ज्याला परक्या भाषेत वाक्य जुळवावयाचे असते, तो तर सुरुवातीच्या रेघेपर्यंतही पोहोचत नाही. आमच्या सभागृहात खेळ इंग्रजीत चाले. त्या मुलीचा अबोलपणा स्वभावाचा किती आणि त्या पाव सेकंदाचा किती, हे तिला न विचारताही समजण्यासारखे होते.

शिक्षकांना ही गोष्ट निराळ्या वाटेने ठाऊक झाली आहे. मेरी बड रो या अमेरिकन विदुषीने १९७० च्या सुमारास वर्गांतील ध्वनिमुद्रणे तपासली, तेव्हा तिला आढळले की, प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरीने एकच सेकंद वाट पाहतात आणि मग दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देऊन टाकतात. तेच शिक्षक जेव्हा तीन सेकंद थांबावयास शिकले, तेव्हा उत्तरे लांब येऊ लागली, "ठाऊक नाही" कमी झाले, आणि जी मुले मठ्ठ समजली जात तीही बोलू लागली. तीन सेकंद ही काही मोठी गोष्ट नव्हे, असे आपणांस वाटेल. एकदा चारचौघांत तीन सेकंद गप्प राहून पाहावे. ते फार लांब असतात.

आता आपण आपल्या रंगभूमीकडे वळू. कारण प्रकाशझोत कोणावर किती वेळ राहावा, हा तिचा रोजचाच प्रश्न होय. लिहिलेल्या नाटकात त्याचा निकाल नाटककार आधीच लावून ठेवतो. १९२१ सालच्या जुलै महिन्याच्या ८ तारखेस मुंबईस बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झाला, त्याची आठवण मराठी घरांत अद्याप निघते. गंधर्व नाटक मंडळीचे बालगंधर्व भामिनी, आणि ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे दोन मालक, दोघेही गाण्यातले सिंह, आणि थिएटरात दोघांचेही पक्षपाती खच्चून भरलेले. एकाने दुसऱ्याला झाकून टाकले असते, तर नाटक म्हणून तो प्रयोग बुडाला असता. तसे झाले नाही, याला दोघांचे मोठेपण कारण आहेच. परंतु खाडिलकरांच्या लेखणीचाही त्यात वाटा आहे, ही गोष्ट फारशी बोलली जात नाही. १९११ सालीच त्यांनी धैर्यधराला त्याची पदे व त्याचे प्रवेश आणि भामिनीला तिची पदे व तिचे प्रवेश वाटून दिले होते. वाटणीपत्र झालेले होते. भावांना भांडावयास जागाच उरली नव्हती. त्या प्रयोगानंतर तीन महिन्यांच्या आतच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव निवर्तले, म्हणून त्या रात्रीचे मोल अधिकच वाढले.

पण जेथे संहिताच नाही तेथे वाटणीपत्र कोण करणार? ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीस विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले, ते असेच होते. पदे तेवढी रचलेली. ती सूत्रधाराने म्हणावयाची आणि मग राम, रावण, जनक यांनी त्या अर्थाचे भाषण आपल्या पदरचे करावयाचे. म्हणजे कोणाचे भाषण केव्हा यावयाचे, हे सूत्रधाराच्या तोंडी असे. सूत्रधाराने पद उचलले नाही, तर रावणाला कितीही चेव आला असला तरी त्याला कथेत शिरण्यास दार नाही. आजची मुले टेबलाभोवती जे करतात त्याच्याशी हे किती जुळते, हे मी निराळे सांगावयास नको. आणि सूत्रधार हा शब्द मी का घेतला, तेही आता ध्यानात आले असेल.

याहूनही जवळचे उदाहरण तळकोकणातील दशावताराचे. माझ्या नोकरीची आरंभीची काही वर्षे सिंधुदुर्गात गेली, आणि कार्तिकानंतर गावोगावच्या जत्रा लागल्या की रात्रच्या रात्र देवळाच्या आवारात बसून मी हे खेळ पाहिले. मोचेमाडकर, वालावलकर, पारसेकर, चेंदवणकर, खानोलकर अशा मंडळ्या तेथे परंपरेने चालत आल्या आहेत. सामान थोडके: प्रत्येक नटाची आपली पेटी, एक पडदा, एक लाकडी बाक. तो बाक कधी सिंहासन होतो, कधी पर्वत. वाजविणारे तिघे, पेटी, मृदंग आणि झांज. लिहिलेले नाटक नसते. आज कोणते आख्यान लावावयाचे आणि कोणी कोणते पात्र घ्यावयाचे, हे ठरले की कथा थोडक्यात सांगितली जाते, आणि नट रंग लावता लावता ती मनात घोळवितात. मग रंगणात उभे राहून जे भाषण होते ते त्या क्षणीचे. त्याच आख्यानाचे उद्याच्या गावचे भाषण निराळे असेल.

अशा खेळात बडबड्या नटाला रान मोकळे मिळावे. पण तसे होत नाही. का होत नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. एक तर पद आणि वाद्ये मध्ये येतात. राजाचे भाषण लांबले की पेटीचा सूर उठतो, पद सुरू होते, आणि पद संपते तेव्हा रंगणात दुसरे कोणी आलेले असते. वाद्यवृंद हा तेथला न बोलणारा पंच होय. दुसरे, जाणता नट आपले भाषण बहुधा प्रश्नावर आणून सोडतो. "हे मुनिवर्य, या संकटी मी काय करावे ते आपणच सांगा," असे राजा म्हणाला की ऋषीला बोलणे प्राप्तच आहे, आणि प्रेक्षकांचे डोळेही ऋषीकडे वळतात. हा सॅक्स प्रभृतींचा पहिला नियम; फरक इतकाच की मालवणी मुलखात तो निबंध न वाचता पाळला जातो. तिसरे, युद्ध. युद्धाच्या वेळी मृदंग व झांज यांच्या ठेक्यावर दोघे आळीपाळीने फिरतात, आणि ठेकाच ज्याची त्याची पाळी देतो. टेबलावरच्या खेळातही नेमके हेच आहे: लढाई जुंपली की प्रत्येक जण फासा टाकतो, ज्याचा आकडा मोठा तो आधी, आणि मग ओळीने प्रत्येकाची पाळी येतेच येते. म्हणून लढाईत कोणावर अन्याय होत नाही. अन्याय होतो तो लढाई संपून बोलणे सुरू झाल्यावर.

आणि चौथी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती म्हणजे संकासुर. मुख्य आख्यानापूर्वी जो पूर्वरंग होतो, त्यात गणपती येतो, ऋद्धिसिद्धी येतात, सरस्वती येते, ब्रह्मदेव येतो. आणि मग वेद चोरणारा, नखशिखांत काळ्या वेषातला संकासुर येतो. देव शुद्ध मराठीत बोलतात. संकासुर गावच्या मालवणीत बोलतो. देवांच्या सभेत तो परका आहे, त्याची भाषा हलकी मानलेली आहे, शेवटी विष्णूच्या हातून त्याला मरावयाचे आहे. पण जोवर तो रंगणात आहे तोवर रात्र त्याची असते. पोरे झोपेतून उठून बसतात. ज्याची भाषा सभेची नव्हे, त्याच्यासाठी दशावताराने अशी जागा राखून ठेवली आहे. ती त्याला कोणी दयेने दिलेली नाही. त्याच्यावाचून वेद चोरीस जात नाहीत, आणि वेद चोरीस गेल्यावाचून विष्णूला अवतार घेण्याचे कारण उरत नाही.

यावरून आमच्या सभागृहातल्या सूत्रधाराशी माझे बोलणे झाले. मुलगा महाविद्यालयात जाणारा, समंजस. प्रथम तो म्हणाला, "सर, मी तिला सारखं विचारतो, तू काय करतेस म्हणून, ती म्हणते, काही नाही." मी म्हटले, "अरे, वर्गात निजलेल्या पोराला उठवून प्रश्न विचारला तर तो काय सांगणार? प्रश्न असा घाल, की ज्याचे उत्तर त्या पाच जणांत तिलाच येते." त्याने पुढच्या रविवारी कथेत एक खाडी घातली. राजपुत्राला खाडीपलीकडे न्यावयाचे, पूल शत्रूच्या हाती, होडी एकच. त्या मुलीचे सोंग नावाड्याचे ठरले. "नावाडी, होडी केव्हा सोडायची?" एवढेच त्याने विचारले, मराठीत विचारले, आणि तो थांबला. सवयीप्रमाणे पहिला मुलगा तोंड उघडू लागला. सूत्रधाराने त्याच्याकडे न पाहता नुसता हात वर केला. मग ती मुलगी बोलू लागली. तिचा आजोबा बाळकुमच्या खाडीत जाळे टाकीत आलेला. तिने विचारले, "तिथी कोणती?" सूत्रधाराने सांगितले, अष्टमी. ती म्हणाली, अष्टमीला भांगाचे पाणी. भरती आली तरी वर चढत नाही, काठाला चिखल राहतो, माणूस मांडीपर्यंत रुततो, राजपुत्राचा घोडा तर पुरताच रुतेल. अमावास्येपर्यंत थांबावे, उधाणाचे पाणी चढले की होडी थेट झाडांपर्यंत जाते आणि पायाला चिखल लागत नाही. मग शत्रूच्या पहारेकऱ्यांना उधाण ठाऊक असेल का, यावर सगळ्या टेबलाचा वाद रंगला. त्या दिवशी तिच्यापुढच्या रेघा मी मोजल्या नाहीत.

हे सांगितल्यावर कोणी म्हणेल, तर मग घड्याळ लावून सर्वांना सारखी मिनिटे द्यावीत. मला ते पटत नाही. सारखी मिनिटे म्हणजे न्याय नव्हे. काही मुले स्वभावतःच ऐकणारी असतात. त्यांना तासातून दोनदाच बोलावयाचे असते, पण त्या दोन वेळी कथा त्यांच्या बोलण्याने वळावी, असे त्यांना वाटते. अशांना बळेच उभे करणे हा निराळा छळ आहे. तोंडी परीक्षेने कित्येक मुलांना आयुष्यभर मुके केले आहे, हे मी जवळून पाहिले आहे. म्हणून रेघा मोजाव्यात त्या फक्त आपल्या डोळ्यांवरची झापड उडविण्यापुरत्या. खरी कसोटी अशी की, खेळ उठल्यावर प्रत्येकाला विचारावे, "आज तुझ्यामुळे काय घडले?" ज्याला सांगता येत नाही, त्याची पाळी बुडाली. पुढच्या रविवारी कथा त्याच्या दारावरून न्यावी.

त्याकरिता सूत्रधाराला थोडी पूर्वतयारी लागते. प्रत्येक सोंगाला दुसऱ्याला न येणारी एक विद्या असावी, आणि दर खेपेस त्या विद्येवाचून अडावे असे निदान एक कुलूप कथेत असावे. दोघांना एकच विद्या दिली, की त्यांतला धीट तो बोलतो आणि दुसरा मान हलवितो. एकाचा प्रसंग रंगात येऊन शिगेला पोहोचला की तेथेच सोडून दुसऱ्याकडे वळावे. कीर्तनकार पूर्वरंगातून आख्यानाकडे जाताना लोकांची उत्कंठा राखतो, तसेच. टोळी दोन ठिकाणी विभागली गेली तर ज्यांची पाळी नाही, ती मुले पाच-दहा मिनिटांत मोबाइल काढतात; तेव्हा तेवढ्या अवधीत त्यांच्याकडे परतले पाहिजे, किंवा त्यांच्या हाती पलीकडच्या प्रसंगातील दारवानाचे किंवा व्यापाऱ्याचे लहानसे सोंग द्यावे.

राहिला तो जास्त बोलणारा मुलगा. त्याला गप्प बसविण्याची माझ्या मनात कधीच इच्छा नव्हती. तो नसता तर पहिले तीन रविवार खेळ चाललाच नसता. अशा मुलाला चारचौघांत टोकले की तो दुखावतो आणि पुढच्या खेपेस येत नाही. त्याला बाजूस घेऊन काम सांगावे: तू प्रश्न विचार. दशावतारी राजासारखे आपले भाषण दुसऱ्याच्या नावावर आणून सोडावयाचे, एवढे त्याने शिकले की त्याचे पाचवेळचे बोलणे पाच जणांना दार उघडून देते. आमच्या या पठ्ठ्याला ते साधावयास दोन महिने लागले. अजूनही त्याचा तोल कधी कधी जातो, विशेषतः चहाच्या आधीच्या अर्ध्या तासात.

शेवटची गोष्ट हिशेबाची आहे, आणि ती बहुतेक जण विसरतात. तीन तासांची मिनिटे एकशेऐंशी. त्यांतली निम्मी वर्णनात, फाशांत व सूत्रधाराच्या बोलण्यात जातात असे धरले, तर उरली नव्वद. पाच खेळाडू असतील तर प्रत्येकी अठरा मिनिटे येतात. आठ झाले की अकराच उरतात, आणि त्या अकरांत कोणाचेच सोंग उभे राहत नाही. पण मुले आपल्या मित्राला घेऊन येतात, मित्र आपल्या बहिणीला आणतो, आणि कोणाला नाही म्हणावयास जीव होत नाही. तेव्हा सहावा आला की खुर्ची ओढून द्यावी, आठवा आला की दुसरे टेबल मांडावे. दुसऱ्या टेबलाला सूत्रधार कोठून आणावा, ही आमची सध्याची अडचण आहे. मुले आपापसांत त्यासाठी फासा टाकणार आहेत.